गालातल्या गोळ्या

बाळकुम नाक्यावर फ्लेक्स लागायचा तर माणसाला एक तर जन्माला यावं लागतं, नाही तर मरावं लागतं. मधल्या वर्षांत वाढदिवस असतातच. नयन भोईरचा विसाव्या वर्षी जो फ्लेक्स लागला, तो मात्र यातल्या कशाचाच नव्हता. त्यात ती धावत होती. उजव्या हातात एक नारिंगी डबा उंच धरलेला. असा डबा तिने जन्मात कधी धरला नव्हता. फोटोवाल्याने तो संगणकावर तिच्या मुठीत बसवला होता आणि त्या घाईत मुठीला सहावं बोट फुटलं होतं. शेजारी पांढऱ्या शर्टात, हात जोडून, तिचे गोपीनाथकाका. वर मोठ्या अक्षरांत 'शरीराचा गंज काढा! नवतेज', आणि खाली बारीक अक्षरांत 'अधिकृत विक्रेते, गोपीनाथ राघो भोईर'.

सहाव्या बोटाकडे बरेच दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही. नयनचं रोज सकाळी सरावाला जाताना जायचं.

आता हा गंज कुठून आला ते सांगायला हवं. भोईरांच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या. खाडीकाठच्या माणसाला गंज म्हणजे काय हे शाळेत शिकवावं लागत नाही. कडी, कोयंडा, सायकलची चेन, फावड्याचं पातं, काहीही घ्या. मीठ आणि वारा मिळून दोन पावसाळ्यांत लोखंडाचा भुगा करतात. मिठागर गेलं, जमीन बिल्डरला गेली, तिच्यावर चार टॉवर उभे राहिले आणि त्यातल्या एकात भोईरांना शेजारी शेजारी दोन फ्लॅट आणि खाली एक गाळा मिळाला. पोटाची चिंता मिटली. पण त्याच सुमाराला काकांचा धाकटा भाऊ मारुती, म्हणजे नयनचा बाप, आजारी पडला आणि आतल्या आत झिजत बेचाळिसाव्या वर्षी गेला. नयनची आई त्याच्या आधीच गेलेली. अकरा वर्षांची पोर काकांच्या घरात आली, आणि काका दारात बसले.

बसले म्हणजे खरोखरच बसले. फ्लॅटच्या उंबऱ्यावर, लिफ्टकडे तोंड करून, दोन वर्षं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "बसलोय." जेवायला उठवावं लागायचं. गोदाकाकी त्यांच्या अंगावरून ये-जा करायची, येताना एकदा आणि जाताना एकदा त्यांच्या खांद्याला हात लावायची.

मग कोणी तरी त्यांना कल्याणला एका हॉलमध्ये नेलं. टाय लावलेल्या एका माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं, की माणसाच्या शरीरालाही आतून गंज चढतो, त्यानेच माणूस झिजतो, आणि त्याच्यावरचा उपाय म्हणजे अँटीऑक्सिडंट. हॉलमधल्या इतरांना ती जाहिरात वाटली असेल. काकांना ती घरातली गोष्ट वाटली. मारुतीच्या आजाराचं डॉक्टरांनी सांगितलेलं लांबलचक नाव त्यांच्या कधी ध्यानात राहिलं नव्हतं. गंज हा शब्द एका फटक्यात राहिला. येताना ते सहा डबे घेऊन आले. पुढच्या महिन्यात गाळ्यावर पाटी लागली. काका दारातून उठले.

पहिला डबा गोदाकाकीने उघडला. सी आणि ई जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या, चांगल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या.

"किती देऊ पोरीला?" तिने विचारलं.

"तीन," काका म्हणाले. "डब्यावर लिहिलंय."

"तीन? आपल्यान तीन वाढतान का?"

भाकरी असो, वडे असोत, नाही तर तळलेली बोंबलाची तुकडी, पानात तीन वाढत नाहीत. तीन हे माणूस गेल्यावरचं वाढणं. त्यातून पोर आईबापाविना. तिच्या हातावर रोज सकाळी तीन ठेवायला काकीचा हात धजावेना. दोन दिल्या तर कमी पडतील, आणि काकीच्या हातून कधी कोणाला कमी पडलेलं नाही. तेव्हा चार.

अशा चार गोळ्या नयन तेराव्या वर्षापासून खात होती. सकाळी साडेपाचला काकी पाण्याचा पेला आणि गोळ्या घेऊन उभी राहायची. आधी दोन, मग दोन. नयनच्या गळ्याची हालचाल झालेली बघायची, मग तिच्या कानशिलांवरून हात फिरवून आपल्या डोक्याशी बोटं मोडायची. दिवसातला तेवढाच वेळ काकी तिला जवळ घ्यायची. पुढे सगळा दिवस माशांत, भाकऱ्यांत आणि नातीच्या मागे जायचा. ही नात कृतिका, काकांच्या मुलाची मुलगी, बारा वर्षांची. पाय लांबलचक, अंगात वारं. नयनला नयनआत्या म्हणायची आणि ती जिथे जाईल तिथे मागे हुंदडायची.

राहायचं घर काकांचं. ताटातलं अन्न काकीचं. धावायचे बूटसुद्धा काकांनीच आणलेले, आणि आणताना कधी एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. ते बोलून दाखवते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. नयनचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: मैदानावर उतरल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतची चार मिनिटं आणि काही सेकंद. तेवढा वेळ ती कोणाचीही पुतणी नसायची. तिला ते फार प्रिय होतं.

आणि नेमके तेच सेकंद हलेनात.

पंधराशे मीटरला चार मिनिटं छत्तीस. कोपरीच्या मैदानावर कुंडलिक सरांच्या घड्याळात गेल्या वर्षीच्या दिवाळीला छत्तीस, संक्रांतीला छत्तीस, गणपतीत छत्तीस. कुंडलिक सर साताऱ्याकडचे, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि पोरींना पळवण्यापलीकडे त्यांना जगात दुसरं काही सुचायचं नाही. राष्ट्रीय शिबिराला निवड व्हायची तर राज्य स्पर्धेत अठ्ठावीसच्या आत यायला हवं होतं. स्पर्धा साडेतीन महिन्यांवर.

"आठ वेळा चारशे मीटर पळवतो तुला," सर एक दिवस वही उघडून म्हणाले. "कुठे कसूर नाही. तू झोपतेस वेळेवर, खातेस वेळेवर. मग हे सगळं जातंय कुठे? भोकाच्या घागरीत पाणी भरतोय का आपण? काय घेतेस ते सांग. सगळं सांग."

तिने सांगितलं. सर तिला डोंबिवलीला घेऊन गेले, डॉक्टर करिश्मांकडे. खेळाडूंच्या दुखण्याखुपण्यांवर त्यांचा हात बसलेला. बाईंनी डबा फिरवून फिरवून वाचला.

"किती घेतेस?"

"चार."

"यावर तीन लिहिलंय. तीनसुद्धा भरपूर आहेत. चार का?"

"आमच्यात तीन वाढत नाहीत," नयन म्हणाली, आणि स्वतःलाच ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे बघ. जोरात पळालीस की स्नायूंत काही तिखट द्रव्यं तयार होतात. तुझे काका गंज म्हणतात ते हेच, आणि अगदीच चूक म्हणत नाहीत. पण तो त्रास म्हणजेच शरीराला निरोप असतो, की बाई, उद्या याहून मजबूत हो. तू एवढ्या गोळ्या खाऊन तो निरोप पोचायच्या आधीच पुसून टाकत असशील. एवढ्या मोठ्या डोसात सी आणि ई घेणाऱ्यांच्या स्नायूंत सरावाने व्हायचा तो बदल कमी झाला, असं काही अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांत नाही. आणि त्याने वेळ बिघडतेच असंही कोणी छातीठोक सांगणार नाही. पण तू वर्षभर एका जागी अडकली आहेस. आवळा खा, लिंबू खा, पालेभाजी खा, हवं तेवढं. डबा तेवढा बारा आठवडे बंद करून बघ. काय जातंय?"

नयनला राघोआजोबांचे तळवे आठवले. मिठागरात ते अनवाणी उतरायचे. पहिल्या वर्षी पाय फुटतात, फुटलेल्या पायात मीठ जातं, माणूस रडतो. मग तळवे असे घट्ट होतात की शिंपल्यावर पाय पडला तर शिंपला मोडतो. 'पयलं साल रडवतं,' आजोबा म्हणायचे. त्यांना कोणी पहिल्याच वर्षी गमबूट दिले असते तर ते तळवे झालेच नसते. डॉक्टरांचं म्हणणं तिला जेवढं पडद्यावरच्या दहा चित्रांनी पटलं नसतं, तेवढं या एका आठवणीने पटलं.

पण 'काय जातंय' म्हणे! डॉक्टरांनी गोदाकाकीला पाहिलेलं नव्हतं.

घरी जाताना तिने वाक्यं जुळवली. काकी, डॉक्टर म्हणाल्या, या गोळ्या थोडे दिवस बंद. साधं वाक्य. पण नाक्यावर रिक्षातून उतरली तर सहा बोटांचा फ्लेक्स उतरवून नवा चढवत होते, आधीच्यापेक्षा मोठा, आणि खाली काका मान वर करून उभे. "ये ये. बघ, या वेळी बोटं मोजून घेतली," ते म्हणाले आणि हसले. काका हसले की अगदी मारुतीसारखे दिसायचे. म्हणजे तिच्या बापासारखे. ती "छान आहे" म्हणून वर गेली.

दुसऱ्या सकाळी काकी पेला घेऊन उभी.

"काकी, अगं, कुंडलिक सर काय म्हणतात..."

"काय म्हनतान?"

"की गोळ्या जरा... थोडे दिवस..."

काकीने पेला खाली घेतला. तिचा चेहरा पडला नाही, पडला असता तर सोपं होतं. ती नुसती घाबरली. "काय झाला गो? काय दुखतं का तुला? अंगान कसकस हाय?" आणि तिचा हात नयनच्या कपाळावर, मानेवर, पोटावर फिरला. "बाय माझे, तुझे आयला शब्द दिलाय मी. काय कमी परू देनार नाय बोल्लीय. मारुतीचा झाला ते तुझा..."

आतून काकांचा आवाज आला. "काय गं? काय झालं पोरीला?"

"काय नाय," नयन म्हणाली. "दे."

तिने दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि जिभेने गालात सारल्या, खालच्या दाढेच्या पलीकडे. पाणी प्यायली. गळा हलला. मग दुसऱ्या दोन. काकीने कानशिलांवरून हात फिरवला आणि बोटं कडाकडा मोडली. तिला बिचारीला कुठे ठाऊक, की जिची दृष्ट काढतोय तिच्या गालात आपण दिलेल्या चार गोळ्या विरघळायला लागल्यात. नयनने खोलीत येऊन गोळ्या कागदात थुंकल्या आणि खाटेखालच्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या. कचऱ्यात टाकायची सोय नव्हती, कचरा काकी हाताने निवडायची. संडासात टाकाव्यात तर हात धजेना. बाहेर फेकाव्यात तर जिकडेतिकडे ओळखीची माणसं, आणि वर फ्लेक्सवर तीच.

तोंडात आंबट-कडू चव दुपारपर्यंत राहिली.

माणूस एकदा खोटं बोलला की त्याला ते रोज वाढून द्यावं लागतं. तिने गालात गोळ्या ठेवून 'येते गं' म्हणायची सवय केली. गालात गोळ्या ठेवून हसायला शिकली. एकदा काकांनी नेमकं तेव्हाच थांबवून पाच मिनिटं शिबिराची चौकशी केली, आणि ती 'हूं', 'हंहं' करत राहिली, तेव्हा काका म्हणाले, "हल्ली कमी बोलतेस तू. मोठी झालीस." त्या दिवशी जिन्यात तिला रडू आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे?

तिसऱ्या आठवड्यात खोलीत मुंग्या झाल्या. गोळ्यांवरच्या नारिंगी गोडाला लागल्या होत्या. भिंतीच्या कडेने एक रांग सरळ खाटेखाली जाताना नयनला दिसली. खोकं कुठे हलवायचं याचा विचार करतच ती सरावाला गेली. परत आली तर फरशी पुसलेली, मुंग्या नाहीत, आणि खाटेच्या चारही पायांभोवती हळदीची जाड रेघ ओढलेली. खोकं जागच्या जागी होतं. वाचले, तिला वाटलं. काकी मुंग्यांना घरात कुठेही हळद घालते, स्वयंपाकघरातही घातली असणार. तिने खोक्याला वरून एक जुना टॉवेल गुंडाळला.

आणि सेकंद हलले. पाचव्या आठवड्यात चौतीस. आठव्यात एकतीस. पाय दुखायचे, आधी कधी नव्हे इतके दुखायचे, आणि तिसऱ्या दिवशी त्या दुखण्याच्या जागी काही तरी टणक येऊन बसलेलं असायचं. तिला ते बोटाने चाचपून बघायला आवडायचं. कुंडलिक सर घड्याळ कानाशी धरून हलवायचे, जणू त्यात बिघाड झालाय.

"गोळ्यांमुळेच अडलेलं असं म्हणू का सर?" तिने एकदा विचारलं.

"मला काय ठाऊक? गोळ्या गेल्या, शिवाय तू चिडूनही पळतेस हल्ली. कशाला कशाचं श्रेय द्यायचं ते देव जाणे." मग वही मिटून म्हणाले, "घरी सांगितलंस ना?"

"सांगते."

"नयन."

"सांगते म्हटलं ना सर. निवड झाली की सांगते. मग ऐकतील."

यात तिचा हिशेब असा होता. हरलेल्या पोरीने गोळ्यांना नावं ठेवली तर ते रडगाणं. जिंकलेल्या पोरीने सांगितलं तर ते मत. आधी जिंकायचं आणि मग, हातात पदक धरून, काकीच्या पाया पडून सांगायचं, की हे मी त्यांच्याशिवाय केलं, आता मला मोकळी कर. रात्रंदिवस ती त्या एका वाक्यासाठी पळत होती म्हणा ना.

पुण्याला राज्य स्पर्धेत ती शेवटच्या वळणावर तिसरी होती. तिथून पुढचं तिला नीट आठवत नाही; एवढंच आठवतं, की छातीत आग पडली आणि तिने मनात म्हटलं, जळ, जळू दे, ही माझी आहे. चार मिनिटं सव्वीस. रेषेपलीकडे ती गवतावर पालथी पडली आणि कुंडलिक सरांसारखा माणूस भर मैदानात तिच्या पाठीवर थापट्या मारत रडत होता.

एकच चूक झाली. घरी फोन सरांनी केला. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळकुमला पोचली तोवर फ्लेक्स लागलेला होता.

'नयनच्या यशाचं रहस्य! सात वर्षं, रोज न चुकता: नवतेज.'

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सत्कार ठेवला होता. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे. गावातल्या बायका आपापल्या पोरी घेऊन आल्या होत्या. आठ-दहा वर्षांच्या त्या पोरींना नवे पांढरे बूट घातलेले बघून नयनला धडकी भरली. मंचावर टेबल, टेबलावर नारिंगी डब्यांचा मनोरा. तिने ठरवलं, आताच. माईक हातात आला की दोनच वाक्यं. मला या गोळ्या मानवत नव्हत्या. गेले तीन महिने मी त्या घेतल्या नाहीत. बस्स. कोणाला नावं नाहीत ठेवायची.

पण माईक आधी काकांच्या हातात गेला.

काकांना चारचौघांत बोलता येत नसे. ते डब्याबद्दल काही बोललेच नाहीत. "मारुती माझा..." म्हणाले आणि थांबले. "मारुतीला मी दवाखान्यात घेऊन फिरलो. ठाणे, मुंबई, सगळीकडे. पण मी काय केलं? नुसता फिरलो. भावाला गंज चढत होता आणि मी गाडीत बाजूला बसून होतो. त्याच्या पोरीला मात्र... हिला मात्र मी चढू दिला नाही." त्यांनी नयनकडे हात केला. "माझ्या हातून आयुष्यात एक काम झालं. एवढंच."

मग माईक तिच्या हातात दिला.

काय करायचं होतं तिने? सांगा. समोर शंभर माणसं, बाजूला बापाच्या चेहऱ्याचा म्हातारा होत चाललेला माणूस, डोळे पुसतोय. जे एक काम आपल्या हातून झालं असं तो म्हणतोय, ते झालंच नाही, हे त्याला माईकवरून सांगायचं? खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. भोईरांच्या घरात तर मीठसुद्धा स्वतःच्या हाताने पिकवलेलं.

"काका-काकींमुळे," नयन म्हणाली. "दोघांमुळे." टाळ्या पडल्या.

तेवढ्यात कोणी तरी ओरडलं, "गोळी खाऊन दाखव गो!" आणि सगळे हसले. काकीला मंचावर बोलावलं. ती पदर सावरत आली, हातात पेला, तळहातावर चार. समोर पंचवीस मोबाईल वर झाले. नयनने गोळ्या घेतल्या, सवयीने गालात सारल्या, पाणी प्यायली, गळा हलवला. आता खाली उतरायचं आणि... पण प्रमुख पाहुणे, वॉर्डातले कोणी तरी वजनदार गृहस्थ, एक भला मोठा पेढा घेऊन वाटच पाहत होते. "तोंड गोड करा!" म्हणत त्यांनी तो अख्खा तिच्या तोंडात कोंबला. तोंड भरलं. थुंकायला जागा नाही, धरून ठेवायला जागा नाही. तिने गिळलं. पेढ्याच्या लगद्यातून एकेक गोळी घशाला घासत खाली गेली, चारही. डोळ्यांत पाणी आलं आणि लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं.

ती चार मिनिटं सव्वीस सेकंद त्या क्षणी तिच्या हातून गेली. ती आता डब्याची झाली. उद्या ती पंचवीसमध्ये आली तरी डब्याची, आणि हरली तर म्हणतील गोळी चुकली असेल. शिबिराला महिन्याने जायचं होतं, आणि काकांनी बॅगेत घालायला बारा डबे काढूनही ठेवले होते.

दुसऱ्या सकाळी साडेपाचला काकीच्या हातात दोन पेले होते.

नयनच्या शेजारी कृतिका उभी, नवे बूट घालून, झोपेतून उठून आलेली, आनंदाने नुसती हलत होती. "आजोबा बोल्ले आजपासून मला पण! आत्या, मी पण तुझ्यासारखी होणार ना?"

काका दारात उभे राहून बघत होते. उभे होते, बसलेले नव्हते.

काकीने नयनला दोन दिल्या, मग दोन. मग कृतिकाला दोन. पोरीने कसनुसं तोंड करून गिळल्या. मग आणखी दोन. काकीने दोघींच्याही कानशिलांवरून हात फिरवला. बोटं मोडताना तिचे डोळे नयनच्या डोळ्यांना भिडले आणि लगेच बाजूला झाले.

सरावाहून परत आल्यावर नयनने कृतिकाला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. खरं सांगायचं ठरवून बोलावलं होतं. पण बारा वर्षांच्या पोरीच्या पोटात खरं किती वेळ टिकणार? दुपारच्या जेवणाला आजोबांना सांगून मोकळी होईल. नयनने स्वयंपाकघरातून मूठभर फुटाणे आणले.

"आपण एक खेळ खेळू," ती म्हणाली. "हे दोन तोंडात टाक. चावायचे नाहीत. जिभेने मागे सार, खालच्या दाढेच्या पलीकडे. हां. आता पाणी पी. गिळलंस असं वाटलं पाहिजे, पण फुटाणे तिथेच राहिले पाहिजेत."

कृतिका हसली आणि फुटाणे बाहेर आले. दुसऱ्या वेळी गिळले गेले. तिसऱ्या वेळी जमलं. तिने तोंड उघडून दाखवलं, गालात दोन फुटाणे.

"आता मला नाव सांग तुझं."

"कृतिका सूरज भोईर," ती स्वच्छ बोलली. नयनला तीन आठवडे लागले होते.

दार उघडलं. गोदाकाकी आत आली. तिने खाटेवरचे फुटाणे बघितले, नातीचा फुगलेला गाल बघितला, आणि दार आतून लावून घेतलं. काकीच्या काखेत एक रिकामं बुटांचं खोकं होतं, कृतिकाच्या नव्या बुटांचं. ते तिने वाकून खाटेखाली सारलं, टॉवेल गुंडाळलेल्या खोक्याच्या शेजारी.

"काकी..." नयन म्हणाली. "तुला... कधीपासून ठाऊक?"

"त्यांना सांगू नको," काकी हळू आवाजात म्हणाली. ती रागावलेली नव्हती. थकलेली होती, आणि नयनला पहिल्यांदाच ती म्हातारी दिसली. "परत दारान बसतील ते. मना दुसऱ्यान्दा नाय उठवता येनार." तिने कमरेची हळदीची पुडी काढून नयनच्या हातात दिली. "जास्ती घाल आता. मुंग्या लय येतान."

ती गेली. बाहेर काका कोणाला तरी फोनवर सांगत होते, की आता घरातून दोन पोरी तयार होतायत.

"आत्या, झालं का? थुंकू?" कृतिकाने विचारलं.

नयनने तिच्या तळहातावर आणखी चार फुटाणे ठेवले.